सावडीतली फटफटी

रंगनाथराव, भांडण अर्ध्यावर सोडून उठायची तुमची सवय नव्हती. बांधावरचं असो नाहीतर ग्रामपंचायतीतलं, समोरचा दमल्याशिवाय तुम्ही कधी चहा मागवला नाहीत. माझ्या बाबतीतच हा वेगळा न्याय कशाला? शेवटचा शब्द टाकलात आणि गोठ्याकडे चालते झालात. मी नगरपर्यंत एसटीत उत्तर जुळवत बसलो. चांगलं जुळलंही होतं. येत्या रविवारी कोल्हारला येऊन तुमच्या तोंडावर फेकणार होतो. पण बुधवारीच निरोप आला. छातीत कळ आली, आणि तासाभरात सगळं आटोपलं. हे काही बरं केलं नाहीत.

तुमची शेती, तुमचा ऊस, तुमचा गावातला शब्द, हे सांगणारे तेराव्याला पुष्कळ भेटले. ते त्यांनी सांगावं. मला आपलं भांडण पुढे चालवायचं आहे. दुसरं कोणी ते चालवू शकणारही नाही, कारण आपण एकाच घरचे दोन जावई. तुमची यमुनाबाई थोरली, म्हणजे आमच्या आक्का, माझी कौसल्या धाकटी. सासरी दोघांनाही पाट सारखाच, त्यामुळे कुरघोडीही सारखीच. तुम्ही कोल्हारचे बागाईतदार, मी पाथर्डीकडच्या कोरडवाहू घरातला, नगरच्या मोटारसायकलींच्या एजन्सीत फिटर. तुम्ही फटफटी घेतलीत तीही आमच्याच एजन्सीतून. आणि घेतल्या दिवशीच मला फाटकाबाहेर नेऊन सांगितलंत, की घ्यायला आलो तेवढं पुरे, आता पुन्हा या दारात येणे नाही.

तुमचं म्हणणं मला पाठ आहे. ज्याची गाडी त्यानंच तिची निगा राखावी. पैसे मोजून दुसऱ्याच्या हातात दिली की तिचा आवाज आपल्याला कळेनासा होतो. एजन्सीवाले चांगला पार्टही काढून नवा घालतात आणि जुना दाखवतसुद्धा नाहीत. मी म्हणायचो, अहो, ते काम शिकलेल्या माणसाचं आहे. कुठला नट किती आवळायचा याला माप असतं, आणि खराब झालेला पार्ट तुम्हाला कळेल तो राहुरीच्या रस्त्यात, भर उन्हात, फटफटी ढकलताना. तुम्ही हसायचात. 'पाव्हनं पगार घेत्यात, त्यांना बोलावंच लागतं,' असं आक्कांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणायचात. मला राग यायचा, कारण मी पगारासाठी बोलत नव्हतो. मला खरंच तसं वाटतं. आजही वाटतं.

आणि ब्रेकचं काय झालं होतं, ते विसरलात का? मागचा ब्रेक दाबला की चिरकायचा. बैलगाडीचं चाक कुरकुरलं तर आपण काय करतो? आखाला वंगण देतो. लहानपणापासून तुम्ही तेच केलेलं. म्हणून तुम्ही फटफटीचं मागचं चाक खोललंत आणि जिथून आवाज येत होता तिथे बैलगाडीच्या नळकांड्यातलं वंगण बोटानं नीट, सगळीकडे सारखं लावलंत. लायनरवर! ब्रेक धरतो तो घासल्यामुळे, आणि तुम्ही तर त्याचं घासणंच बंद केलंत. आवाज गेला, हे मात्र खरं. दुसऱ्या दिवशी आक्कांना मागे बसवून निघालात आणि नदीकडच्या उतारावर ब्रेकही गेला. नशीब, वाटेत कोणाचा तरी लसूणघास होता. दोघंही हिरवेगार होऊन उठलात. आक्कांनी पदर झटकला आणि चालत घरी गेल्या. त्यानंतर त्या एसटीनंच माहेरी यायला लागल्या.

त्या वेळी तुम्ही मला बोलावलंत, मी लायनर बदलून दिले आणि वर भाषणही दिलं. तुम्ही मुकाट्यानं ऐकून घेतलंत. मला वाटलं, जिंकलो. आता फटफटी दर महिन्याला एजन्सीत येईल. ती काही आली नाही. तुम्ही तेल स्वतः बदलायला शिकलात, प्लग साफ करायला शिकलात, चेन ताणायलाही शिकलात. चेन जरा जास्तच ताणायचात. पण जमत होतं, हे मला कबूल करावं लागायचं. जे जमायचं नाही ते माझ्यासाठी शिल्लक ठेवायचात आणि मी सणावाराला आलो की हळूच समोर आणायचात. मी म्हणायचो, एजन्सीत आणा. तुम्ही म्हणायचात, आधी जेवून घ्या.

मग हा दुष्काळ आला. पाथर्डीकडे चारा तर राहोच, बैलांना दाखवायला हिरवं पानसुद्धा उरलं नाही. आमचे वडील खडी फोडायच्या कामावर जायला लागले. आणि दावणीला खिलारी जोडी, पोराबाळांसारखी वाढवलेली. लोक मिळेल त्या भावानं गुरं बाजारात सोडत होते. वडील जेवेनासे झाले, असं आईनं कळवलं. कौसल्येनं ते बहिणीच्या कानावर घातलं. चार दिवसांत तुमचा निरोप आला, की बैल इकडे घेऊन या, उसाचं वाढं आहे, शेंड्यांचा हिरवा चारा, आमच्या गुरांच्या खाल्ल्यातलं खातील. वडिलांनी मुक्काम करत करत जोडी पायी आणली. तुम्ही वेशीपर्यंत सामोरे गेलात, दावं स्वतःच्या हातात घेतलंत आणि वडिलांच्या पाया पडलात. मी ते पाहत होतो. तुमच्याही विहिरीनं तळ दाखवलेला होता, हे मला तेव्हाच दिसलं होतं.

संध्याकाळी मी अवघडून काहीतरी बोलायला गेलो, तर तुम्ही मला थांबवलंत. म्हणालात, "उपकार-बिपकार काय न्हाई, पाव्हनं. ही सावड झाली. तुमचं बैल माज्याकडं, माजी फटफटी तुमच्याकडं."

सावड! शहरात राहून मी हा शब्द वापरायचाच सोडला होता. आपल्याकडे एकट्याचा एकच बैल असला की दोघं मिळून औत जुंपतात. आज याच्या रानात, उद्या त्याच्या. पैसा कोणी घेत नाही, मोजतही नाही. फिटतही नाही, कारण फिटली की सावड संपली. तुम्ही एका शब्दात माझी मान सोडवलीत. वडिलांचीही. ते परत गेले ते ताठ गेले, पाव्हण्याकडे बैल ठेवून आलो असं न सांगता, साडूंची सावड आहे असं गावात सांगत गेले. त्यानंतर मी दर रविवारी सकाळच्या एसटीनं फटफटीचं काम करायला कोल्हारला यायला लागलो.

एक गोष्ट मी तुम्हाला आधी सांगितली नव्हती, नंतर सांगावी लागली. आमच्या शेटचा नियम कडक. एजन्सीच्या कामगारानं बाहेर गाडी खोलली, तर त्याच दिवशी हिशेब करून घरी. सगळ्या फिटरांनी रविवारी घरच्या घरी दुकानं मांडली तर एजन्सीत कोण येणार, हे त्यांचं म्हणणं काही खोटं नाही. म्हणून मी गोठ्यामागे बसून काम करायचो, कारण तुमचं घर मनमाडच्या रस्त्याला लागून. तुम्हाला ते आवडायचं नाही. चोरी आहे का, असं विचारायचात. मी म्हणायचो, नगरात भाड्याच्या खोलीत दोन लेकरं आहेत, ती या नोकरीवर जेवतात.

आणि तो रविवार उजाडला. शेट सहकुटुंब शिर्डीला निघालेले, मोटार तापलेली, आणि साऱ्या रस्त्यात पाणी मागायला त्यांना तुमचंच घर सापडलं. ड्रायव्हरनं हाक मारली. तुम्ही पुढे गेलात, मोटार पाहिलीत, मागच्या सीटवरचा माणूस ओळखलात. मी इंजिन उघडून बसलेला, सगळे पार्ट पोत्यावर मांडलेले. तुम्ही धावत आलात, माझ्या हातातला पाना ओढून घेतलात आणि वाढ्याची पेंढी माझ्या कवेत कोंबलीत. मला वाटलं, यांना काय झालं. तोवर शेट सावली शोधत गोठ्यापाशी आलेसुद्धा.

तुम्ही तिथे मातीत बसलेले. तोंडाला काळं फासलेलं, ते कधी फासलंत मला आजतागायत कळलेलं नाही.

"मीच खोलली, शेट," तुम्ही म्हणालात. "म्हनलं, काय आसतंय त्यात. आता जुडंना. पाव्हन्यास्नी ईच्यारलं, तर म्हनत्यात, आमी भायेर हात लावत न्हाई, एजन्सीत आना."

शेटनी माझ्याकडे पाहिलं. मी पेंढी छातीशी धरून उभा. हात कोपरापर्यंत तेलाचे, पण ते वाढ्याच्या आड गेलेले. शेट खूश झाले. मला म्हणाले, बरोबर सांगितलंस. मग त्यांनी तुम्हाला उपदेश केला, की यंत्र म्हणजे नांगर नव्हे, शेतकऱ्यानं असल्या भानगडीत पडू नये. आणि तुम्ही, रंगनाथराव, ज्यांनी तलाठ्याचंही कधी ऐकून घेतलं नाही, ते हात जोडून म्हणालात, चूक झाली शेट, पुन्हा न्हाई करनार.

दुसऱ्या दिवशी फटफटी बैलगाडीत घालून, एका मालट्रकवाल्याच्या हातापाया पडून, तुम्ही नगरला आणलीत. पार्ट पाटीत, वर फडकं. एजन्सीतल्या पोरांना हसायला तेवढंच पुरे झालं. कोणी म्हणालं, शेतकऱ्यानं इंजिनाची भाजी आणली. तुम्ही गिऱ्हाइकांच्या बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसलेले. शेटनी ते काम माझ्याकडेच दिलं. म्हणजे मीच स्वच्छ केलेले, मीच ओळीनं लावलेले पार्ट मीच पुन्हा जुळवत होतो, आणि सगळे माझी कीव करत होते, की काय घाण काम आलं बिचाऱ्याच्या वाट्याला. मला वाटत होतं, ओरडून सांगावं, की या माणसाला टॅपेट लावता येतात, याला प्लगचा रंग बघून इंजिनाची तब्येत कळते. तुम्ही मात्र मला 'मिस्तरी' म्हणून हाक मारत होतात आणि पाणी मागत होतात. मजा येत होती तुम्हाला. थोडी तरी येत होती, हे मी तुमच्या मिशीवरून ओळखलं.

बिल चुकतं करून तुम्ही फाटकाबाहेर आलात. मी सोडायला आलो. तुम्ही किक मारलीत, कान देऊन आवाज ऐकलात आणि म्हणालात, "बिल झालं ते एजन्सीचं. आपली सावड हाय तशी हाय. ऐतवारी या."

मी तुमचे आभार मानले नाहीत. साडूंमध्ये तशी रीत नाही, आणि मानले असते तर तुम्ही त्याचीही थट्टा केली असती. पण मनात ते राहिलंय. माझ्या दोन लेकरांचं जेवण तुम्ही स्वतःला येडं ठरवून वाचवलंत. तुमच्याइतका आब सांभाळणारा माणूस ज्या दिवशी आपला आब मातीत टाकतो, त्या दिवसाचं मोल दुसऱ्या आब सांभाळणाऱ्यालाच कळतं. मला ते कळलं होतं. एवढं तुम्हाला समजलं असेल, असं मी धरून चालतो.

आता त्या शेवटच्या रविवारच्या भांडणाकडे येतो. मी काय म्हणालो होतो? की हे गोठ्यामागचं काम आता बस झालं. एकदा वाचलो, दर वेळी वाचणार नाही. गाडी उजळ माथ्यानं एजन्सीत आणा, मी माझ्या हातानं करीन, तुम्ही बिल द्या. आणि बैलांच्या वाढ्याचे पैसे मी देत जाईन. झालं ना सरळ? यात वाईट काय बोललो मी?

तुम्ही हातातलं दावं खाली टाकलंत. आवाज चढवला नाहीत. म्हणालात, "मंग बैल काय मी एजन्सीत ठिवलेत का, पाव्हनं?"

आणि गोठ्याकडे गेलात.

माझं जुळवलेलं उत्तर असं होतं, की सावड ज्यांना परवडते त्यांनी करावी. तुमच्याकडे जमीन आहे, मला महिन्याचा पगार आहे, आणि पगारदार माणसाचा रविवारसुद्धा मालकाकडे गहाण असतो. हे उत्तर खोटं नाही. मी ते मागे घेत नाही. फक्त ते द्यायचं कोणाला, हे आता कळत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी प्रवरेच्या काठी जायला निघालो, तर तुमचे भाऊ भीमराव दारातून मला हाक मारत होते, की चला पाव्हणं, सावडायला. मी एकदम दचकलो. राख गोळा करायलाही आपण सावडणंच म्हणतो, हा शब्द काय मी पहिल्यांदा ऐकला? पण त्या दिवशी मला तो पहिल्यांदा ऐकू आला. तुमच्याशी सावड होती आणि तुम्हालाच सावडायला आलो होतो. नदीत पाणी नव्हतं. डबक्यापर्यंत वाळूतून चालत गेलो. परत येताना भीमराव अवघडल्यासारखे बोलले, की वाढं आपल्याच गुरांना पुरत नाही, पाव्हण्यांनी आपली जोडी आता न्यावी. फटफटीही उभी राहून गंजेल, तुमच्या एजन्सीत विकता आली तर बघा. त्यांना दोष देत नाही. विहीर मी पाहिली आहे. पण बैल नेऊन बांधायचे कुठे? पाथर्डीकडे अजून ढग नाही. नेणं म्हणजे बाजार दाखवणं. वडील तेराव्याला आले होते, ते गोठ्याकडे फिरकलेसुद्धा नाहीत.

काल शनिवारी मी शेटच्या समोर जाऊन उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. तो दिवस, ती पेंढी, कोणी कोणाला वाचवलं ते. म्हटलं, हा माझा धंदा नाही, ही सावड आहे, आणि उद्या मी पुन्हा कोल्हारला जाणार आहे. ठेवायचं तर ठेवा. शेटनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, साडू गेला ना तुझा? म्हटलं, गेले. ते म्हणाले, मग आता सावड कोणाशी?

सोमवारी सांग, असं म्हणून ते उठले. चिडले असते तर बरं झालं असतं, पण त्यांनी खरंच समजून घ्यायला विचारलं होतं.

आज सकाळी आलो. भीमराव ओट्यावर होते. बैलांसाठी ट्रक बघितला का, म्हणाले. मी काही बोलायच्या आत आक्का दारात आल्या. कपाळ मोकळं, पदर घट्ट. तेराव्यानंतर त्या पहिल्यांदाच चार माणसांत बोलत होत्या.

"बैल कुटं जानार न्हाईत," त्या म्हणाल्या. "सावड मान्साची नसती, भावजी, घराची आसती. आमच्या घरानं मोडलेली न्हाई." मग माझ्याकडे वळल्या. "तुमी तुमचं काम करा, भाऊ. वाढं म्या बघते."

भीमराव म्हणाले, अहो पण फटफटी चालवणार कोण? आक्का म्हणाल्या, ते कुनी ईच्यारलंय.

रंगनाथराव, मी फटफटी गोठ्यामागे नेली नाही. अंगणात, रस्त्याच्या तोंडाला घेतली. तेल काढलं, नवं भरलं. प्लग काढून पाहिला, स्वच्छ होता, तुम्हीच केलेला असणार. चेन नेहमीसारखी जास्त ताणलेली होती, ती मात्र मी सैल केली, त्या बाबतीत तुमचं ऐकणार नाही. रस्त्यानं मोटारी जात होत्या. कोण बघतंय ते मी बघितलं नाही. उद्या शेटना सांगायचं उत्तर माझ्याकडे आलं होतं. ते ऐकून त्यांनी हिशेब केला तर करतील. मग मी तुमच्याशी भांडायला मोकळा राहीन, की नोकरी गेली ती तुमच्यामुळे.

शेवटी किक मारली. इतके दिवस उभी होती, तरी दुसऱ्या किकला सुरू झाली.

आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला आणि आक्का पिठाचे हात तसेच घेऊन धावत दारात आल्या. मला बघून उभ्या राहिल्या. कौसल्या मला कधीतरी म्हणाली होती, पण मी लक्ष दिलं नव्हतं: नदीच्या उतारावर तुमची फटफटी वाजली की त्या भाकरी तव्यावर टाकायच्या, म्हणजे तुम्ही हातपाय धुईपर्यंत गरम ताटात पडायची.

"तव्यावर टाकली म्या," त्या म्हणाल्या.

मी गाडी बंद करायला हात घातला.

"नगा बंद करू," आक्का म्हणाल्या. "जरा ऱ्हाऊ द्या."

उभ्या गाडीत पेट्रोल जाळणं तुम्ही कधी खपवून घेतलं नसतं. मी अॅक्सिलेटर धरून तसाच बसून राहिलो. आतून भाकरी करपल्याचा वास यायला लागला. आक्का दारातून हलल्या नाहीत, आणि मी गाडी बंद केली नाही.